ऑटो की फिक्स? सीपॅप घेण्याआधी

स्लीप स्टडी झाली, घशात अडथळा येऊन श्वास थांबतो हे कळलं आणि आता सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन, कुठलं घ्यावं यावर गाडी अडली आहे, अशांसाठी हे लिहितोय. मी दोन्ही पद्धतींनी झोपलोय. आधी सात महिने ऑटोवर, नंतर दोन वर्षं ठरावीक प्रेशरवर.

ऑटोचं तत्त्व मला पटलं होतं. घोरणं वाढलं, श्वास अडखळला की मशीन प्रेशर वाढवतं, सुरळीत झालं की उतरवतं. माझं प्रेशर ४ ते २० (सेंटिमीटर पाण्याच्या दाबात) असं मोकळं सोडलं होतं. ४ वर सुरुवातीला हवाच पुरत नाही असं वाटायचं, पण ते अंगवळणी पडलं. पहाटेचं मात्र पडलं नाही. साडेतीन-चारला, स्वप्नांच्या झोपेत मी उताणा झालो की प्रेशर चढायचं, मास्क नाकाच्या दांडीपाशी उचलला जायचा आणि हवेची बारीक धार थेट डाव्या डोळ्यात. सोबत शिट्टीसारखा आवाज. मी जागा, बायकोही जागी, आणि सकाळी डोळा कोरडा, लाल. रिपोर्टात एएचआय (तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा मंदावला तो आकडा) २.१, म्हणजे उत्तम. झोप मात्र रोज मोडलेली.

डॉक्टरांनी महिन्याभराचा प्रेशरचा आलेख पाहिला. आधी ८ ते १२ करून बघितलं, मग सरळ १० वर फिक्स केलं. एएचआय साडेतीनच्या आसपास गेला, पण पहाटेची जाग थांबली. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

तरी सगळ्यांना हेच लागू पडेल असं नाही. माझ्या साडूचा त्रास फक्त उताणं झोपल्यावरचा, त्यात त्याचं वजनही उतरतंय. त्याला ऑटोच सोयीचं. आणि पैशांचा मेळ बसत असेल तर मशीन ऑटोच घ्यावं, कारण ते सीपॅप मोडवर, म्हणजे ठरावीक प्रेशरवरही लावता येतं. साध्या सीपॅपचं ऑटो होत नाही.

काही पेशंट मात्र या तुलनेत बसतच नाहीत. वजन खूप आहे आणि दिवसाही रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, तिथे अनेकदा बायपॅप लागतं; श्वास घेताना जास्त, सोडताना कमी प्रेशर. मेंदूकडूनच श्वासाचा आदेश येत नसेल, म्हणजे सेंट्रल ॲप्निया, तर ऑटोने नुसतं प्रेशर वाढवून उपयोग नाही. त्यासाठी एएसव्ही, म्हणजे श्वासागणिक आधार कमी-जास्त करणारं मशीन असतं, पण हृदयाचं पंपिंग ४५ टक्के किंवा त्याखाली असलेल्या पेशंटांत ते वापरल्यावर हृदयविकाराचे मृत्यू वाढल्याचं २०१५च्या सर्व्ह-एचएफ चाचणीत दिसलं. हार्ट फेल्युअर असेल तर मशीनची चौकशी दुकानात नको, आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे.

बाकी, मास्क घेताना मशीन १० वर चालू करून आडवं होऊन बघा, दोन्ही कुशींवर. बसल्या बसल्या घट्ट वाटणारा मास्क कूस बदलली की सरकतो.