बाळाला खाण्याच्या खुणा: अमेरिकन, भारतीय की घरच्या?

उष्टावण झालं की बऱ्याच आईबाबांच्या मनात येतं, बाळाला बोलता येण्याआधी दूध, पाणी, आणखी, पुरे एवढं तरी हातांनी सांगता यावं. तसं ते येतंही. पण खुणा कुठल्या घ्यायच्या?

व्हिडिओंत दिसतात त्या बहुतेक अमेरिकन सांकेतिक भाषेतल्या. 'आणखी'साठी दोन्ही हातांच्या बोटांची टोकं जुळवून एकमेकांवर टेकवायची. ही बाळं पटकन उचलतात, बहुधा टाळीसारखी करतात. 'दूध' म्हणजे धार काढल्यासारखी मुठीची उघडझाप. आपली बरीच बाळं टाटाही तशीच करतात, त्यामुळे घोटाळा होतो. 'पाणी'साठी तीन बोटं उभी धरून हनुवटीला लावायची, जे त्या वयाच्या बोटांना जमणं कठीण. त्यातून दिवसभर भरवणाऱ्या आजीला किंवा पाळणाघरातल्या ताईंना खूण कळलीच नाही, तर बाळ ती सोडून देतं. परदेशात पाळणाघरात याच खुणा वापरत असतील, तर मात्र घरीही याच ठेवा.

घरात कोणी कर्णबधिर असेल किंवा बाळालाच ऐकू येत नसेल, तर भारतीय सांकेतिक भाषाच शिका, आणि चार शब्दांवर थांबू नका. त्या बाळाला पूर्ण भाषा हवी. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या कोशाच्या २०२१ च्या आवृत्तीत १०,००० शब्द आहेत, व्हिडिओंसह.

बाकी घरांसाठी माझा कौल घरच्या खुणांना. बोटं जुळवून तोंडाशी नेली की मंमं, अंगठा तोंडाकडे नेला की पाणी, हे आपण एरवीही करतोच. सोबत शब्द दर वेळी मोठ्याने म्हणायचा. सुरुवात 'पुरे'पासून करा, मला ती सगळ्यांत मोलाची वाटते. बाळ मान फिरवतं, ओठ घट्ट मिटतं, आणि आपण 'एक घास काऊचा' म्हणत चमचा पुढे करतच राहतो. त्याच क्षणी आपण हात हलवून 'पुरे?' विचारायचं आणि वाटी खरोखर बाजूला ठेवायची. पुढे त्याने स्वतः हात हलवला, तर वाटीत दोनच घास उरले असले तरी थांबायचं. खुणेला मान मिळाला नाही, तर बाळ ती कशाला करेल?

खुणांमुळे बोलणं लवकर येईल, ही आशा मात्र नको. कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅक्रेडोलो आणि गुडविन यांच्या २००० सालच्या अभ्यासात तसा फायदा दिसला होता. हर्टफर्डशायर विद्यापीठाने ४० बाळांना ८ ते २० महिन्यांच्या वयात पाहिलं, त्या २०१३ च्या अभ्यासात तो दिसला नाही. बोलणं लांबल्याचंही आढळलं नाही. आया मात्र बाळाच्या हालचाली अधिक टिपू लागल्या, आणि मला तेवढं कारण पुरेसं वाटतं.

बाळ हाकेला वळत नसेल, मोठ्या आवाजाने दचकत नसेल, तर खुणा छान करतंय म्हणून निर्धास्त राहू नका. श्रवणतपासणी लगेच करून घ्या.