गेस्ट वायफायच्या नावाखाली ४२,४८० रुपयांना गंडवलं

रक्कम आधीच सांगते, ३६,००० कामाचे आणि ६,४८० जीएसटी, एकूण ४२,४८०. नाशिकला माझं टॅक्स कन्सल्टंटचं छोटं ऑफिस आहे, जुलैमध्ये बाहेर बाकावर क्लायंटची रांग आणि प्रत्येकाला वायफाय हवं असतं. आत शेअर्ड फोल्डरमध्ये सगळ्यांचे पॅन, आधार, फॉर्म सोळा. म्हणूनच तर गेस्ट वायफाय वेगळं करायला माणूस बोलावला ना! निष्काळजी असते तर एवढे पैसे घातले असते का?

बिलावर मॅनेज्ड स्विच (केबली जोडायचा, सेटिंग बदलता येणारा डबा), व्हीलॅन (एकाच वायरिंगवर वेगळी पाडलेली नेटवर्कं), फायरवॉल (नको ती ये-जा अडवणारा पहारा). बसवलं काय, तर सेटिंगचं पानच नसलेला साधा स्विच आणि जुन्याच राउटरला जोडून 'गेस्ट' नावाचं दुसरं वायफाय. नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, नेटवर्क तेच.

आणि हे त्याच दिवशी कळायला हवं होतं, आठवलं की अजून डोकं फिरतं. टेस्ट म्हणून माझा मोबाइल गेस्टवर जोडला तर प्रिंटच्या यादीत ऑफिसचा प्रिंटर! मी विचारलंसुद्धा, हा इथे कसा? "मॅडम, प्रिंटर सगळ्यांनाच लागतो, मुद्दाम ठेवलाय." मला पटलं. गेस्टवरून आतला प्रिंटर दिसतोय म्हणजे मध्ये काहीच आडवं नाहीये, पण हे मला कोण सांगणार, मी रिटर्न भरते, केबल ओढत नाही. तिथल्या तिथे चेक दिला.

पुढे एका क्लायंटच्या कॉलेजातल्या मुलाने बाकावर बसल्या बसल्या मोबाइल पुढे केला, "काकू, तुमचे फोल्डर उघडतायत." वडील शेजारीच, त्यांनी सरळ फाइल परत मागितली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोल्डरला पासवर्ड नव्हता म्हणाल, पण गेस्ट खरंच वेगळं असतं तर बाहेरचा तिथवर पोचलाच कसा असता?

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर म्हणे पैसे ऑनलाइन गेले का, चेकने दिले तर आमच्याकडे येत नाही. पोलीस स्टेशन म्हणालं सायबरला जा, सायबरवाले म्हणाले वस्तू मिळाली ना, मग हा दिवाणी वाद, वकील बघा. अहो, व्हीलॅनचे पैसे घेऊन साधा डबा दिला ही फसवणूक नाही तर काय आहे? १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर ऐकवलं, धंद्यासाठी घेतलंय म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही! २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला सूट आहे, मी वाचून दाखवली, तरी "बघतो". जीएसटी रिटर्नमध्येसुद्धा त्याने ते बिल दाखवलं नाही, माझ्या २बीमध्ये (विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांची यादी) ते आलंच नाही, त्याबद्दल मी केलेल्या तक्रारीची नुसती पोच मिळाली.

पैसे द्यायच्या आधी गेस्टवर मोबाइल जोडा, ऑफिसच्या कॉम्प्युटरचा आयपी (नेटवर्कमधला त्याचा पत्ता) टाकून फोल्डर उघडतो का, राउटरचं लॉगिन पान येतं का बघा, यातलं काहीही उघडलं तर चेक देऊ नका. "वेगळा राउटर लावलाय" यावरही जाऊ नका, तो ऑफिसच्या राउटरलाच जोडला असेल तर गेस्ट आतपर्यंत पोचू शकतो. स्विचचा मॉडेल नंबर बिलावर लिहून घ्याच. आणि बऱ्याच घरगुती राउटरमध्ये गेस्टची सोय फुकट असते, फक्त लोकल नेटवर्कच्या परवानगीची टिक काढलेली पाहिजे, हे मला आता कळतंय.

बिलावरच्या पत्त्यावर पाठवलेली वकिलाची नोटीस परत आली. आता ई-जागृती या ग्राहक आयोगाच्या पोर्टलवर तक्रार टाकतेय. कोणाला मॅनेज्ड म्हणून असाच साधा स्विच चिकटवला असेल तर बिल फेकू नका, मला कळवा.