रावेर-यावल पट्ट्यातलं ट्यूबवेलचं ‘कंप्लीट पॅकेज’: काय मिळतं, काय राहून जातं

खोदाई, पाइप, 7.5 एचपीची सबमर्सिबल मोटर आणि फिटिंग, सगळं एकाच दरात. तापीच्या गाळपट्ट्यात अशा पॅकेजचा सौदा 200 मीटरच्या बोलीवर करणार असाल, तर आधी पाण्याचा हिशेब मांडा.

शेतीपंपाला 7.5 एचपीपर्यंत 2024 पासून वीजबिल माफ आहे, म्हणून हीच मोटर पुढे केली जाते. पण पाणी 60 मीटरवर असेल तर ती ताशी वीसेक हजार लिटर फेकते, 200 मीटरवर जेमतेम सहा हजार. आठ तास वीज टिकली तरी पन्नास हजारांच्या आतच. दीड बाय दीड मीटरवर केळीची एकरी 1,800 झाडं बसतात. झाडाला 18 लिटर धरले तर रोज 32 हजार लिटर. म्हणजे या मोटरीवर दीड एकर भिजेल. मोठी मोटर टाकली की बिल सुरू, 200 मीटरवरून हजार लिटरला साधारण एक युनिट.

खोदाईत खरी गोम आहे. गाळात रोटरीच लागते. खडकात चालणाऱ्या मशीनचं भोक ढासळतं. 8 इंची पाइपाला भोक 12 ते 14 इंची हवं, म्हणजे पाइपाभोवती वाळू अडवणारी गिट्टी एकसारखी उतरते. पैसे वाचवायला 10 इंची भोक मारलं की गिट्टी मध्येच अडकते. जाळीचा पाइप वाळूच्या थरासमोर बसवायचा, चिकणमातीसमोर नाही, म्हणून थरांची लेखी नोंद मागाच. मग पाणी स्वच्छ येईपर्यंत कॉम्प्रेसरने हवा मारून बोअर धुवायचा. तपासणी सोपी: 20 लिटरची बादली भरून ठेवा, तळाशी चिमूटभराहून जास्त वाळू बसली तर मोटर उतरवू देऊ नका. ती वाळू इंपेलर (पंपातला पाणी ढकलणारा पंखा) खाते, पाइपाभोवती पोकळी करते आणि मग ओट्यासकट जमीन खचते.

दुसरं खचणं संथ असतं, त्याला कितीही चांगला ठेकेदार थांबवू शकत नाही. जास्त उपशाने पाण्याचा दाब गेला की खोलवरचे चिकणमातीचे थर आवळतात आणि पुढे कितीही पाऊस झाला तरी पूर्ववत फुगत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात मेंडोटाजवळ 1925 ते 1977 मध्ये जमीन साडेआठ मीटरच्या आसपास खाली गेली, ती याच कारणाने. पाइप उंच निघालेला आणि ओट्याखाली फट दिसली, तर ओटा पुन्हा ओतण्याआधी उपसा कमी करा.

केबल पॅकेजमध्ये बहुधा 4 चौरस मिमीची असते. 200 मीटरला तांब्याची 6 मागा. गावात व्होल्टेज आधीच पडलेलं असतं, लांब बारीक केबलमध्ये ते आणखी पडतं, मोटरचं वाइंडिंग त्यानेच जळतं. पाणी संपलं की मोटर बंद करणारा ड्राय-रन प्रिव्हेंटर वेगळा घ्यावा लागतो, तो घ्याच.

आणि 60 मीटरच्या पुढची विहीर राज्याच्या भूजल कायद्यात ‘खोल विहीर’ ठरते. अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी तिला मनाई आहे. विसार देण्याआधी भूजल सर्वेक्षणच्या कार्यालयात गावाचं नाव तपासून घ्या.