फुग्यांचा एअर बेड: घ्यावा, पण कूस बदलायला माणूस लागतोच

घरात कुणी अंथरुणाला खिळलं की सिस्टर आधी एअर बेड आणायला सांगतात. सर्जिकलच्या दुकानांत जास्त खपतो तो फुग्यांचा, साधारण दोन-तीन हजारांतला. फुग्यांच्या रांगा आळीपाळीने भरतात आणि उतरतात, त्यामुळे माकडहाडावर, खुब्यावर एकाच जागी दाब राहत नाही. बेडसोर, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमा, टाळायला तो नक्की उपयोगी आहे, मात्र त्याचा फायदा घरातली माणसं, आयाबाई आणि सिस्टर यांनी कामं कशी वाटून घेतली आहेत त्यावर ठरतो.

बेड नेहमीच्या गादीवर पसरायचा, नळ्या पायांकडे, आणि तो पूर्ण फुगल्यावरच रुग्णाला झोपवायचं. पंपाचं बटण वजनानुसार असतं, पण हाताने तपासल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवू नये. रुग्ण उताणा असताना एअर बेडखाली, माकडहाडाच्या बरोबर खाली, तळवा वर करून हात घालायचा. मध्ये इंचभर हवा जाणवली तर ठीक, हाड हाताला लागलं तर दाब वाढवायचा. फरशी पुसताना बटण फिरतं, नळी खाटेखाली दुमडते. म्हणून ही तपासणी प्रत्येक पाळीच्या आयाबाईने करावी.

सर्वात जास्त नुकसान वरच्या थरांनी होतं. रबरी शीट, त्यावर गोधडी, त्यावर जाड चादर, मग फुगे असून नसल्यासारखे. एकच सुती चादर, सैलसर. वीज गेली की हा बेड लवकर बसतो. पंपाला वीज अगदी कमी लागते, तो इन्व्हर्टरवर घ्या.

बेड असला तरी दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते. रुग्णाला पूर्ण खुब्यावर न झोपवता पाठीमागे उशी लावून 30 अंश कलतं ठेवायचं. एक उशी गुडघ्यांमध्ये, एक पोटऱ्यांखाली, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. वर सरकवताना काखेत हात घालून ओढलं की माकडहाडाची कातडी घासते. त्यापेक्षा अंगाखाली आडव्या घातलेल्या चादरीच्या दोन्ही बाजू धरून दोघांनी उचलायचं. हा दुसरा माणूस बहुतेक घरांत नसतो, तिथे शेजारचा स्वयंसेवक खरा कामाला येतो. केरळमध्ये 2008च्या पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारात त्रास कमी करणारी शुश्रूषा) धोरणानंतर पंचायतींच्या नर्स घरोघरी जातात आणि प्रशिक्षित स्वयंसेवक त्यांना साथ देतात. आपल्याकडे निदान सिस्टरांनी भेटीच्या वेळी घरच्या दोघांकडून हे करून घ्यावं. नुसतं सांगून ते हातात बसत नाही.

अंग पुसताना लालसर डाग दिसला तर बोटाने दाबून सोडायचा. पांढरा पडला नाही, तर त्याच दिवशी सिस्टरना कळवायचं आणि त्या कुशीवर झोपवणं थांबवायचं. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे ऊब आणि कडकपणा चाचपावा. डागावर मालिश अजिबात नको. वेळ, कूस आणि कातडीची नोंद उशाशी वहीत ठेवली की रात्री जागणाऱ्या मुलाला आणि सकाळच्या मावशींना पुन्हा विचारावं लागत नाही.

जखम आधीच झाली असेल किंवा रुग्ण वजनदार असेल, तर हा बेड पुरत नाही. आडव्या नळकांड्यांचा, महागडा प्रकार सिस्टरना विचारून घ्या. विकत घेताना खोक्यात पंक्चरचे पॅच आहेत का बघा, आणि पंप सुटा मिळतो का तेही विचारा.