कंपनी बंद करताना: नाव काढायचं, डॉर्मंट ठेवायची की लिक्विडेशन?

नाशिकजवळच्या अंबड, सातपूर किंवा सिन्नरच्या एमआयडीसीत छोट्या कारखान्याचं काम थांबतं, तेव्हा आधी कामगार जातात, मग मशीन विकली जातात, आणि कंपनी मात्र कागदावर तशीच राहते. हा लेख अशा प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या डायरेक्टरांसाठी आहे. प्रोप्रायटरी फर्म असेल तर जीएसटी, व्यवसाय कर आणि शॉप अ‍ॅक्टची नोंद बंद करून बरंचसं काम भागतं. कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती असते, त्यामुळे तिला रीतसर निरोप द्यावा लागतो.

बहुतेक जण आधी निवडतात तो रस्ता म्हणजे काहीच न करणं. ‘धंदाच नाही, तर रिटर्न कसलं भरायचं?’ हा समज महागात पडतो. वार्षिक हिशेबाचा एओसी-४ आणि वार्षिक विवरणाचा एमजीटी-७ हे फॉर्म उलाढाल शून्य असली तरी भरावेच लागतात. उशीर झाला की प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये जादा शुल्क लागतं आणि त्याला वरची मर्यादा नाही. दोन फॉर्म एक वर्ष रखडले तर ७३ हजार रुपये होतात. सलग तीन वर्षं भरले नाहीत, तर डायरेक्टर पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. मुलाने नवी कंपनी काढली तरी तिथेही अशा अपात्र बापाला डायरेक्टर होता येत नाही. कंपन्यांची नोंद ठेवणारा रजिस्ट्रार कधी ना कधी आपणहून नाव काढेल या भरवशावर राहू नका. नाव निघालं तरी अपात्रता तशीच राहते.

आता खरी तुलना. रजिस्टरमधून नाव काढून घेणं, म्हणजे स्ट्राइक ऑफ, हा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. त्यासाठीच्या एसटीके-२ फॉर्मचं सरकारी शुल्क १० हजार रुपये आहे, आणि १ मे २०२३ पासून हे अर्ज सी-पेस या खास त्यासाठीच्या केंद्राकडे जातात. वकील, कंपनी कायदा न्यायाधिकरण यांची गरज पडत नाही. अटी मात्र नीट वाचा. गेली दोन आर्थिक वर्षं धंदा बंद हवा. त्या आधीची राहिलेली वार्षिक रिटर्न भरलेली हवीत. बँकेचा बोजा उतरलेला हवा, आणि विक्रीसाठी ठेवलेला माल विकल्यानंतर तीन महिने अर्ज करता येत नाही. शिवाय प्रत्येक डायरेक्टरला हमीपत्र द्यावं लागतं. ते सही करण्यापुरतं नसतं. नाव निघाल्यावरही डायरेक्टर आणि सभासदांची देणी कायम राहतात. कंपनीकडून पैसे येणं असलेला कुणी किंवा कामगार वीस वर्षांपर्यंत न्यायाधिकरणात जाऊन कंपनी पुन्हा जिवंत करून मागू शकतो. कुणाचे तरी पैसे बुडवून नाव काढणाऱ्याला हा मार्ग संरक्षण देत नाही, आणि देऊही नये.

डॉर्मंट म्हणजे कंपनी सुप्त ठेवणं. ज्यांना दोन-तीन वर्षांनी खरंच परत सुरू करायची आहे, किंवा ब्रँडचं नाव जपायचं आहे, त्यांच्यासाठी हे ठीक. पण इथे एक अडचण आहे, जी अंबडमधल्या अनेकांना लागू पडेल: शेड भाड्याने दिली असेल तर भाडं हा व्यवहार झाला, आणि मग कंपनी डॉर्मंट राहत नाही. कर थकलेला नसावा, कामगारांची देणी थकलेली नसावीत, हेही आहेच. दरवर्षी एमएससी-३ हा विवरणाचा फॉर्म भरायचा, ऑडिट करून घ्यायचं, सहामाहीला एक तरी बोर्ड मीटिंग घ्यायची. सलग पाच वर्षं झाली की रजिस्ट्रार नाव काढण्याची कारवाई सुरू करतो. ‘बघू पुढे’ एवढ्याच कारणासाठी मी हा मार्ग सुचवणार नाही. एक फायदा मात्र खरा आहे. कंपनी जिवंत असेल तर जुना व्यावसायिक तोटा आठ वर्षांच्या मुदतीत पुढच्या नफ्यातून वजा करता येतो, आणि कंपनी गेली की तोटाही गेला.

ऐच्छिक लिक्विडेशन, म्हणजे मालमत्तेतून देणी फेडून आणि उरलेलं वाटून कंपनी रीतसर विसर्जित करणं, सगळ्यात खर्चिक. हे काम पाहणारा नोंदणीकृत इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनल नेमायचा, जाहीर नोटीस देऊन दावे मागवायचे, आणि शेवटचा आदेश मुंबईच्या कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडून घ्यायचा. कंपनीला कर्ज नाही किंवा मालमत्तेतून सगळं फेडता येईल, असं बहुसंख्य डायरेक्टरांनी प्रतिज्ञापत्रावर सांगावं लागतं. एवढं करून मिळतं काय, तर दावे समोर येऊन मिटतात आणि उरलेलं कायदेशीर वाटलं जातं. चार चुलत भाऊ भागीदार असतील, प्लॉट कंपनीच्या नावावर असेल आणि आपसात थोडाही अविश्वास असेल, तर हा खर्च करण्यासारखा आहे. वाटपातला साठलेल्या नफ्याइतका भाग भागधारकाच्या हातात लाभांश म्हणून करपात्र होतो, हे आधीच हिशेबात धरा.

एमआयडीसीचा प्लॉट हाच इथला कळीचा प्रश्न आहे. तो मालकीचा नसून साधारण ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो. हस्तांतराला एमआयडीसीची परवानगी आणि शुल्क लागतं. प्लॉट कंपनीच्या नावावर ठेवून स्ट्राइक ऑफला जाऊ नका. आधी प्लॉटचं मिटवा.

कोणताही मार्ग घ्या, कामगारांचं आधी द्या. पाच वर्षं पूर्ण झालेल्याला वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराइतकी ग्रॅच्युइटी, महिन्याचा पगार २६ दिवसांनी भागून. हिशेबाला धरायचा पगार १८ हजार आणि नोकरी १२ वर्षं असेल, तर रक्कम सुमारे १ लाख २५ हजार होते. ही रक्कम ऐनवेळी उभी राहत नाही, म्हणून मशीन विकण्याआधीच यादी करा.

मशीन विकताना जीएसटी नंबर चालू असू द्या. बिल लावून विकलं तर घेणाऱ्याला भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं. नंबर रद्द झाला तेव्हा माल आणि मशीन शिल्लक असतील, तर त्यांच्यावर घेतलेलं क्रेडिट अंतिम रिटर्नमध्ये परत करावं लागतं. रद्द करण्याचा अर्ज आरईजी-१६, आणि नंबर रद्द झाल्यापासून किंवा तसा आदेश आल्यापासून, जे नंतरचं असेल त्यापासून, तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे अंतिम रिटर्न. हे दुसरं बरेच जण विसरतात. व्यवसाय कराचा नंबरही आठवणीने बंद करा, नाहीतर दरवर्षी २,५०० रुपये चढत राहतात.

बँकेचं खातं मात्र सगळ्यात शेवटी. एसटीके-२ आधी ते बंद करावं लागतं. त्यामुळे महावितरणची अनामत, आयकराचा परतावा आणि जीएसटीच्या कॅश लेजरमधली शिल्लक त्याआधी खात्यात जमा झालेली हवी. खातं गेल्यावर आलेला परतावा जमा करायला जागाच उरत नाही. मीटरचं अंतिम बिल आणि अनामतीचा अर्ज तर मशीन हलवली त्याच आठवड्यात द्या.