डॅशकॅम एक चॅनेलचा की दोन चॅनेलचा? विम्याच्या वादात कोणता उपयोगी पडतो

एक चॅनेल म्हणजे फक्त पुढचा कॅमेरा, दोन चॅनेल म्हणजे पुढचा आणि मागचा. निवडायचा तर आधी दावा कोणता लढवायचा ते पाहा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा (ओन डॅमेज) दावा असेल, तर चूक कोणाची यावर सहसा पैसे अडत नाहीत. सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) पाहतो ते क्लेम फॉर्ममधलं वर्णन आणि पत्र्यावरचा मार जुळतो का. त्यासाठी पुढचा एकच १०८०पी कॅमेरा पुरतो. प्रकरण थर्ड पार्टीचं (दुसऱ्याच्या नुकसानीचं) होऊन मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात गेलं, की वाद निष्काळजीपणाचा होतो. तुम्ही सिग्नलला उभे होता हे पुढचा कॅमेरा दाखवेल. पण मागून ठोकून पळालेल्याचा नंबर, किंवा डावीकडून घुसून वर ‘यानंच कट मारला’ म्हणणाऱ्याची खरी वाट मागच्याच कॅमेऱ्यात सापडते. महामार्गावर रोज जाणाऱ्याने दोन चॅनेलचाच घ्यावा.

पण दोन चॅनेल कार्ड भराभर खातात. पुढचा कॅमेरा २० एमबीपीएसने (सेकंदाला २० मेगाबिट) रेकॉर्ड करत असेल तर तासाला ९ जीबी लागतात, मागचा १२ एमबीपीएसने केला तर आणखी साडेपाच. ६४ जीबीचं कार्ड एका चॅनेलला सातेक तास पुरतं, दोघांना चारच. कार्ड भरलं की कॅमेरा जुन्या क्लिपवरच नवी लिहितो. समृद्धीवरून मुंबई-नागपूर केलंत तर इगतपुरीजवळचा प्रसंग नागपूर येण्याआधीच पुसला जातो. १२८ जीबीचं हाय एन्ड्युरन्स कार्ड घ्या. साधं कार्ड सततच्या लिहिण्याने लवकर मरतं, आणि ते मेल्याचं अपघातानंतरच कळतं.

जी-सेन्सर धक्का ओळखून फाइल लॉक करतो, म्हणजे ती पुसली जात नाही. सेन्सिटिव्हिटी ‘हाय’ ठेवली तर आपल्या रस्त्यांवर प्रत्येक खड्डा ‘अपघात’ ठरतो आणि लॉक फाइलींनी कार्ड तुंबतं. ‘लो’वर ठेवून लॉकचं बटण हाताने दाबलेलं बरं.

बॅटरीवाला की सुपरकपॅसिटरवाला? विदर्भातल्या मे महिन्यात काचेमागे लिथियम बॅटरी फुगते, म्हणून कपॅसिटरच. तो वीज गेल्यावर चालू क्लिप जतन करण्यापुरताच टिकतो. पार्किंगमध्ये नजर हवी तर फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅपने (वायर न कापता फ्यूजच्या जागी बसणारा जोड) जोडा. मूळ वायर कापून जोड दिला की वॉरंटीचा वाद ओढवून घ्याल.

क्लाउडवाला (क्लिप इंटरनेटवर साठवणारा) मॉडेल सोयीचा, पण पुराव्याला मूळ कार्डच भारी. १ जुलै २०२४पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३नुसार प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं: भाग अ उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमधून काढलेला, तिच्यात जराही बदल झाला की बदलणारा कोड). जुन्या कायद्याखाली, जालन्याच्या निवडणुकीवरून गेलेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं होतं की, मालकाने स्वतः साक्ष देऊन मूळ उपकरणच हजर केलं तर प्रमाणपत्र लागत नाही.

म्हणून अपघातानंतर कॅमेरा आधी बंद करा (चालू असताना कार्ड ओढलं तर शेवटची क्लिप खराब होऊ शकते), कार्ड काढून पाकिटात ठेवा, नवं घाला. कॉपी काढून लगेच तिची एसएचए-२५६ (हॅश काढायची एक पद्धत) हॅश नोंदवा. सर्व्हेअरला क्लिप व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून धाडली तर ती दाबली जाते, हॅश बदलते आणि नंबर प्लेट पुसट होते, पेनड्राइव्ह द्या.

जीपीएसवाला मॉडेल घड्याळ बरोबर ठेवतो. नसेल तर तारीख अधूनमधून तपासा, कारण २०१८ची तारीख पडलेली क्लिप उलटतपासणीत लगेच पकडतात. मात्र जीपीएस वेगही छापतो आणि माइक तुमचं ‘अरे, चुकलं’ही टिपतो. समोरच्या वकिलालाही तीच क्लिप मिळते.