बोटीच्या गाद्या: टिचबटण की व्हेल्क्रो?

पानशेतच्या पाण्यात आमची छोटी फायबरची बोट आहे. तिच्या गाद्या दर रविवारी काढून पुण्याला घरी आणायच्या, म्हणजे उंदरांपासून वाचतात. आधी व्हेल्क्रो होतं, आता टिचबटणं आहेत.

व्हेल्क्रो लावायला सोपं. भोक पाडायला नको, गादी जरा तिरकी बसली तरी चालतं. पण एप्रिलच्या उन्हात मागचा गोंद मऊ होतो आणि गादी ओढली की पट्टीच बोटीवरून सोलून हातात येते. त्यात तिलापियाचे खवले आणि वाळू अडकली की पकड गेलीच. एकदा गळ त्या मऊ बाजूत असा रुतला, की शेवटी कात्रीच लावावी लागली. व्हेल्क्रोच हवं असेल तर पट्टी गादीला शिवून घ्या, आणि काढताना खालून प्लास्टिकची पट्टी सरकवा.

टिचबटणाला मेहनत जास्त. स्क्रूपेक्षा बारीक भोक, त्यात सिलिकॉन, आणि बटण स्टेनलेसचंच, लोखंडी गंजतं. काढताना गादीचा कोपरा धरून हिसडा देऊ नका, रेक्झिन फाटतं. बटणाच्या अगदी कडेला बोट घालून उचला. डिसेंबरात सकाळी रेक्झिन आकसतं, शेवटचं बटण अर्धा इंच लांब राहतं. गादी दहा मिनिटं उन्हात ठेवा, मग बसतं. घट्ट झालं तर बोटभर व्हॅसलीन.

नाना पेठेतल्या सीटकव्हरवाल्याने सुचवलं म्हणून पाठीच्या उशीला मात्र व्हेल्क्रोच ठेवलंय. तिथे ना वाळू जाते, ना मासा.